कुपन चालवावं कसं? किराण्याच्या सवलतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात एका डिस्ट्रिब्युटरच्या एजन्सीत मी स्कीम आणि क्लेमचं, म्हणजे दुकानदारांनी दिलेल्या सुटीचे पैसे कंपनीकडे मागायचं काम बघतो. चहा, साबण, तेल, बिस्किटं असा रोजचा माल. ओळखीपाळखीतल्यांना एवढं कळलं की लग्नाच्या पंगतीत असो की भुसावळच्या पॅसेंजरमध्ये, गप्पा कुपनावर येतातच. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं इथे लिहिली आहेत. काही उत्तरं कायद्याची आहेत, काही निव्वळ माझं मत आहे. कुठलं काय ते वाचताना कळेल.

कुपन म्हणजे नेमकं काय काय धरायचं?

चहाच्या पुड्यात निघणारी चिठ्ठी, पिशवीवर छापलेलं "पुढच्या खरेदीवर १० रुपये सूट", सुपरमार्केटच्या बिलाखालचा फाडायचा तुकडा, मोबाइलवरचा कोड, नंबरावर जमणारे पॉइंट, पेमेंट केल्यावर खरडायला मिळणारं कार्ड, दिवाळीत दुकानदार स्वतः वाटतो ते लकी ड्रॉचं कुपन. लोक सगळ्याला कुपनच म्हणतात, म्हणू देत. फक्त ते दिलं कुणी एवढं बघून घ्यायचं: कंपनीने, दुकानाने की पेमेंटच्या ॲपने. नियम त्याचे, पैसे त्याचे आणि तक्रारही त्याच्याकडेच. ॲपचा कॅशबॅक आला नाही म्हणून गल्लीतल्या शेठवर डाफरणारी माणसं मी बघितली आहेत. शेठ बिचारा काय करणार?

दुकानदार सूट देतो म्हणजे पैसे त्याचेच जातात ना?

त्याने स्वतः सूट लावली असेल तर त्याचेच. कंपनीच्या कुपनाचं तसं नसतं, आणि सगळी गल्लत इथेच होते.

समजा, चोपड्याच्या एका दुकानात तुम्ही १५ रुपयांचं कुपन दिलं. दुकानदाराने ते बिलातून तिथल्या तिथे वजा केलं, म्हणजे आजच्या दिवशी पैसे त्याच्या गल्ल्यातून गेले. कुपन त्याने गल्ल्याशेजारच्या रिकाम्या डब्यात टाकलं. पुढे सेल्समन ऑर्डर घ्यायला आला की तो डबा पालथा होतो. कुठल्या मालाची किती कुपनं ते वेगळं करायचं, मोजायचं, मागे दुकानाचा शिक्का मारायचा, रबर लावायचं. ती गड्डी आमच्याकडे येते. त्या दुकानाने आमच्याकडून माल किती उचलला होता याच्याशी आम्ही ताळा घालतो, क्लेम लावतो, कंपनी तपासते, मग क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम जमा धरल्याचा कागद निघतो. कधी पैशांऐवजी मालच येतो. यात महिना सहज जातो, कधी दोन. तोवर तुमचे १५ रुपये त्या दुकानदाराने कंपनीला बिनव्याजी वापरायला दिलेले असतात.

गड्डीत मुदत गेलेलं, अर्धं फाटलेलं किंवा भलत्याच मालाचं कुपन निघालं की कंपनी ते बाजूला काढते. ते पैसे एजन्सी भरत नाही, सेल्समन तर नाहीच नाही. कुपन आल्या वाटेने परत दुकानदाराकडे जातं आणि नुकसान त्याच्या नावावर पडतं. परत आलेल्या अशा कुपनांवर कधी कधी पेनाने काहीतरी लिहिलेलं असतं. एकावर नुसतं "वहिनी" लिहिलं होतं, दुसऱ्यावर "मास्तर, उद्या देतो म्हणाले". भिडेखातर घेतलेली ती कुपनं. शेठने तोंडावर नाही म्हटलं नाही, पण लिहून मात्र ठेवलं.

"कंपनीचं जातंय, आपल्या बापाचं काय जातंय?"

हे वाक्य अमळनेरात जरा जपून बोलावं. तिथे १९४५ साली वनस्पती तेल-तुपाच्या धंद्यासाठी निघालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स म्हणजेच आजची विप्रो. जुने शेअर जपून ठेवलेली घरं त्या गावात आहेत. कंपनी म्हणजे कुणी तरी मुंबईचा परका शेठ, असं तिथे म्हणता येत नाही. कंपनी शेजारच्या काकांचीही असू शकते.

बरं, मालक कोण ते सोडा. खोट्या क्लेमचं प्रमाण वाढलं की कंपनी काय करते ते मी रोज बघतो. कोर्टबिर्ट काही नाही. ती कागद वाढवते. कुपनाबरोबर पाकिटावरचा बारकोड कापून जोडा, बिलाची प्रत जोडा, यादी ठरलेल्या नमुन्यातच भरा. सुपरमार्केटमध्ये हे काम संगणक करतो. पाचोऱ्याच्या एखाद्या एकट्या किराणावाल्याला ते रात्री दुकान बंद केल्यावर करावं लागतं. थोड्या दिवसांनी तो सेल्समनला सांगतो, "ती कुपनाची भानगड माझ्याकडे नको." मग त्या गावात स्कीमच पोचत नाही. फसवणाऱ्याने १५ रुपये कमावले आणि गावाची सूट गेली.

कुपन किलोच्या पुड्याचं आहे आणि मला अर्धा किलोच हवा. चालवून घेतलं तर?

"शेठ, हाई कुपन चालस का?"
"चालस ना भाऊ, पन किलोना पुडावर!"

उत्तर इथेच संपतं. तरी शेठ म्हणाला, "राहू द्या, मी माझ्याकडून पाच रुपये कमी करतो," तर ती त्याची मर्जी. तेव्हा कुपन परत खिशात ठेवा. कुपनही द्यायचं आणि सूटही घ्यायची, असं करू नका. ते चुकीचं कुपन त्याच्या गड्डीत गेलं की परत येणारच.

मुदत कालच संपली. एका दिवसाने काय होतं?

कंपनीच्या कुपनाचं सगळंच होतं. तारीख उलटली की क्लेम नाही. दुकानाची स्वतःची योजना असेल तर एकदा विचारून बघायला हरकत नाही. नाही म्हणाले तर हसून विषय सोडावा.

झेरॉक्स काढून, स्क्रीनशॉट पाठवून किंवा दुसऱ्या सिमवरून कोड वापरला तर चालतं का?

कुपनाची झेरॉक्स म्हणजे सरळ बनवाबनवी, त्यावर चर्चा नको. एकाच ग्राहकासाठी आलेला कोड गावभर फिरवणंही त्यातलंच. कोड पहिल्याने वापरला की बाकीचे बारा जण काउंटरवर जाऊन भांडतात.

"नव्या ग्राहकाला सूट" हे प्रकरण थोडं वेगळं. घरात चार फोन आहेत, आईच्या नंबरावर खातं काढलं आणि आई खरोखर त्यावरून माल मागवते, तर ती नवी ग्राहकच आहे, बिनधास्त घ्या. ड्रॉवरमधलं जुनं सिम दर महिन्याला फोनात घालून "मी नवा" म्हणायचं, हे मात्र खोटं बोलणंच. मशीनशी बोललं म्हणून ते खरं होत नाही. शिवाय बऱ्याच ॲपना फोन आणि पत्ता ओळखता येतो. एक दिवस खातं बंद होतं आणि आधी प्रामाणिकपणे जमवलेले पॉइंटही त्याबरोबर जातात.

एकावर एक फ्री आहे. आमचं मोठं कुटुंब. रॅकवरचा सगळा माल उचलला तर?

खान्देशात या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येत नाही. इथे अजून पंधरा-वीस माणसांची एकत्र घरं आहेत. उन्हाळ्यात पापड, कुरडया, शेवया, बिबडे वर्षभराचे होतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, सांजोऱ्या होतात, पुरणाचा घाट असतो, तेव्हा रवा, साखर, तेल किलोने नाही, डब्याने लागतं. लोणच्याच्या दिवसांत तेलाचं वेगळंच. अशा घराने सहा पिशव्या उचलल्या तर त्याला साठेबाजी म्हणणं अन्याय होईल. ज्याच्या घरात जेवढी पानं वाढायची, तेवढा माल तो नेणार.

पण दोन गोष्टी आहेत. पहिली, सणाच्या तोंडावर रॅक एकट्याने साफ करू नये. जास्त लागणार असेल तर दोन दिवस आधी मॅनेजरला किंवा शेठला सांगा, "आम्हाला या स्कीमचे दहा लागतील." स्कीमचा माल मागवता येत असेल तर तो खुशीने मागवतो, त्याचीही विक्री होतेच. येत नसेल तर तसं सांगतो. मग निम्मा माल मागच्यांसाठी सोडा. संध्याकाळी शेतातून परतताना दोन साबण घ्यायला थांबलेल्या बाईलाही ती सूट लिहून दिलेली आहे.

दुसरी, "एका ग्राहकाला दोन" असं लिहिलेलं असेल तर दोनच. पोरांना वेगवेगळ्या काउंटरवर उभं करायचं आणि बापाने बाहेर पिशव्या गोळा करायच्या, हे दृश्य मॉलच्या दारात नेहमीचं झालंय. पोरं काय शिकतात ते वेगळं सांगायला नको. दोन भाऊ विभक्त असतील, चूल वेगळी असेल, तर बिल वेगळं. एकाच चुलीची तीन बिलं करू नयेत. हे माझं मत.

या मर्यादा घरच्या गिऱ्हाइकासाठी लावलेल्या नसतातच मुळी. खेड्यावरचे काही दुकानदार मॉलमधला ऑफरचा माल गाडी भरून नेतात आणि आपल्या दुकानात विकतात. छापील किमतीच्या आत विकला तर तो गुन्हा नाही, आणि त्यांना दाणाबाजारातही तो भाव मिळत नाही हेही खरं. पण पाटी लावलेली असताना नोकरांकरवी नेणं बरोबर नाही.

काउंटरवर मागे रांग आहे आणि माझ्याकडे सात-आठ कुपनं आहेत. लोक वैतागतात.

वैतागणारच. पगाराच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी सातला पिशवी उलटीसुलटी करत कुपन शोधणाऱ्या माणसामागे उभं राहून बघा.

काम सोपं आहे. कुपनं घरीच लावून घ्या, मुदत गेलेली काढून टाका. ज्या मालावर कुपन आहे तो ट्रॉलीत एका बाजूला ठेवा आणि काउंटरवर सगळ्यात आधी तोच द्या. बिल करायला सुरुवात होण्याआधीच सांगा, "ताई, पाच कुपनं आहेत." पूर्ण बिल झाल्यावर, पैसे देताना कुपन काढलं की बऱ्याच ठिकाणी बिल रद्द करावं लागतं. त्याला सुपरवायझरची चावी किंवा पासवर्ड लागतो, सुपरवायझर वरच्या मजल्यावर असतो, आणि मागचे सगळे तुमच्या पाठीकडे बघत उभे राहतात. मोबाइलवरचा कोड असेल तर रांगेत असतानाच उघडून ठेवा. मॉलच्या तळघरात नेटवर्क मिळत नाही, मग ते गोल फिरणारं चाक सगळ्यांनी मिळून बघायचं.

मागे कुणी नुसती दुधाची पिशवी घेऊन उभं असेल तर त्याला पुढे जाऊ द्या. यात कुपनाचा नियम काही नाही, आपली रीत आहे.

कॅशिअर म्हणते कुपन चालत नाही. मी म्हणतो चालतं.

दोघांपैकी कुणीही बरोबर असू शकतं. कुपनावरची बारीक अक्षरं वाचा: किती वजनाचा पुडा, कुठला वास किंवा चव, कमीत कमी बिल किती, दुसऱ्या ऑफरबरोबर चालतं का. तरी तुमचं म्हणणं खरं वाटत असेल तर मॅनेजरला बोलवा आणि शांतपणे दाखवा. काउंटरवरच्या पोरीला मशीनच्या बाहेर जाऊन सूट देण्याचा अधिकार नसतो. तिच्यावर आवाज चढवून सूट मिळाली, तर ती दुकानाने तुम्हाला घालवण्यासाठी दिलेली असते.

बिलात सूट चुकून दोनदा वजा झाली. सांगायचं का?

हो. रात्री हिशोब जुळला नाही तर काही ठिकाणी तूट काउंटरवरच्या माणसाच्या पगारातून कापतात. घरी आल्यावर कळलं आणि रक्कम किरकोळ असेल तर पुढच्या खेपेला बिल घेऊन जा आणि दाखवा. उलटं झालं, सूट मिळायला हवी होती आणि मिळाली नाही, तेव्हा आपण जसे लगेच परत जातो ना, तसंच.

नेहमीच्या किराणा दुकानात उधारीवर माल घेतो. तिथे कुपन द्यावं का? आणि मॉलचा भाव दाखवून घासाघीस करावी का?

कुपन देता येतं, पण रोखीच्या दिवशी द्यावं. कारण वर सांगितलंच: कुपनाचे पैसे त्याला उशिरा मिळतात. त्यात मालही उधार असेल तर त्याचा हात दोन्हीकडून अडकतो.

कापूस विकला की देतो, केळीचे पैसे आले की देतो, या बोलीवर इथल्या गावांत चार-चार महिने वही चालते. दुकानदार व्याज लावत नाही, पावसाळ्यात निम्मं गाव त्याच्यावर चालतं, रात्री नऊला पोराच्या तापावरची गोळी आणि साबुदाणा तोच देतो. मॉल हे करत नाही, आणि मॉलला कमी भाव यामुळेच परवडतो. रावेरचा एक शेतकरी मला म्हणाला होता, "रोख असली का मॉल, नसली का शेठ." विनोद म्हणून ठीक आहे. पण महिन्याचा सगळा रोखीचा किराणा मॉलमध्ये आणि फक्त अडचणीतला उधार शेठकडे, असं वर्षभर केलं तर शेठचं दुकान टिकत नाही.

भाव विचारायला हरकत काहीच नाही. एमआरपी ही जास्तीत जास्त किंमत आहे, त्याखाली विकायला कुणी अडवलेलं नाही. "शेठ, हा पुडा तिकडे एवढ्याला आहे, तुम्हाला परवडेल का?" एवढं विचारा. परवडलं तर तो देईल. मोबाइल नाकासमोर धरून, बाकीच्या गिऱ्हाइकांदेखत त्याला लुटारू ठरवू नका.

शेजारच्या आजींचा किराणा मी आणते. मिळालेली सूट कुणाची?

आजींची. हिशोब बिलावर होतो, यादीवर नाही. ४२० चा माल ३९५ ला आला तर त्यांच्याकडून ३९५ घ्यायचे आणि बिल त्यांच्या हातात द्यायचं, त्यांना वाचता येत नसलं तरी.

तुमच्या नंबरावर पॉइंट जमले तर? इथे मी जरा सैल आहे. दोन-चार पॉइंटांसाठी कुणी वही घालत नाही, आणि तुम्ही उन्हातून पिशवी उचलून आणलीत. फक्त आजींना ठाऊक असू द्या. त्यांचा स्वतःचा नंबर असेल तर तोच सांगा. आणि त्यांच्या पुड्यात निघालेलं कुपन मुकाट्याने काढून घेऊ नका.

फोन नसलेल्या माणसाला आजकाल सवलतच मिळत नाही, हे मला खटकतं. सातपुड्यात अक्कलकुवा, धडगावकडे कित्येक पाड्यांवर नेटवर्कची बोंब असते. ॲपवरच्या ऑफर तिथे कुणाला दिसतही नाहीत. तालुक्याला नोकरी करणारा कुणी आठवड्याला घरी जाताना चार घरांचा साबण-तेल सवलतीत नेतो आणि त्याच भावाने देतो. कुपनाचा याहून बरा उपयोग मला माहीत नाही.

भरीत पार्टीची किंवा मंडळाची खरेदी माझ्याकडे आहे. पॉइंट आणि फ्रीच्या वस्तू मी ठेवल्या तर?

थंडीत शेताशेतांत भरीत पार्ट्या होतात. वांगी मळ्यातली असतात, काड्यांवर भाजली जातात, पण शेंगदाणा तेल, कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ, शेंगदाणे, पत्रावळ्या हे वर्गणीतूनच येतं. कानबाई देवीच्या उत्सवात भाऊबंदकी एकत्र जमते, तेव्हाही किराणा एकाच्या अंगावर असतो. तेलाच्या डब्यावर स्टीलची बरणी फ्री मिळाली. पैसे सगळ्यांचे, मग बरणीही सगळ्यांची. मंडळाच्या सामानात जाऊ द्या किंवा चिठ्ठी टाकून कुणाला तरी द्या. हिशोबाच्या कागदावर "सूट: इतके रुपये" अशी एक ओळ लिहा. न लिहिता ठेवलेली बरणी पुढची कितीतरी वर्षं भाऊबंदकीच्या तोंडी राहते. पाचशे रुपयांच्या बरणीपायी बोलणं बंद झालेली घरं आहेत.

पाकिटावर "फ्री" छापलंय, दुकानदाराने ती वस्तू दिलीच नाही.

आधी विचारा: "यावर चमचा होता ना, शेठ?" बरेचदा तो खालच्या खोक्यात राहिलेला असतो. कधी स्कीम संपल्यावरही जुनं छापील पाकीट बाजारात फिरत असतं. पण फ्रीची वस्तू सोडवून वेगळी विकणारेही आहेत, आणि ते चूक आहे. ती वस्तू कंपनीने गिऱ्हाइकासाठी दिलेली असते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ या बाबतीत स्पष्ट आहे. भेटवस्तू किंवा बक्षीस द्यायचा इरादा नसताना जाहीर करणं, किमतीतच धरलेली वस्तू फुकट असल्याचा भास करून देणं, सोडतीचा शेवटचा निकाल लोकांना न कळवणं, या सगळ्या अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. दिवाळीच्या लकी ड्रॉचं बक्षीस कुणाला लागलं ते पाटीवर लिहा, असं दुकानदाराला म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. जाहिरातींबाबत २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: पुरेसा माल नसताना नुसतं गिऱ्हाईक ओढण्यासाठी स्वस्ताची जाहिरात करता येत नाही, आणि माल मोजका असेल तर तसं सांगावं लागतं.

सूट खरी आहे की नुसती छापलेली, कसं ओळखावं?

भागाकार करून. २०० ग्रॅमचा पुडा ६२ रुपयांना, कुपनाने ८ कमी, म्हणजे ५४. किलोला २७० पडले. शेजारीच ५०० ग्रॅमचा पुडा बिनकुपनाचा १३० ला. किलोला २६०. कुपन वापरूनही महागच घेतलं! आता बहुतेक पाकिटांवर ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो, तो एमआरपीजवळच सापडतो, चष्मा लावून बघा. वजनही बघा. किंमत तीच ठेवून ग्रॅम कमी करायची युक्ती जुनी आहे.

आणि जी वस्तू घरात लागतच नाही ती निम्म्या किमतीत आणली तरी ती उधळपट्टीच. शेवभाजीच्या घरात पास्त्याचे सहा पुडे फ्रीच्या नादात येऊन पडतात आणि डब्यात किडे होईपर्यंत राहतात.

कुपनासाठी मोबाइल नंबर द्यावाच लागतो का?

पॉइंट हवे असतील तर द्यावा लागेल. नुसतं बिल हवं असेल तर नाही. नंबरासाठी ग्राहकावर सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं आहे. "नंबर नाही द्यायचा, बिल द्या" एवढं पुरतं. बिल न देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित प्रथाच आहे.

तुम्ही नंबर द्यायला नको म्हटल्यावर काउंटरवरचा मुलगा स्वतःचा नंबर टाकून पॉइंट घेतो, असंही चालतं. तुमचं नुकसान काही नाही, पण बिल त्याच्या नावावर निघतं. माल परत करायची वेळ आली की घोळ होतो. बिलावरचा नंबर बघून घ्या.

व्हॉट्सॲपवर मोठ्या दुकानाचं ५,००० रुपयांचं कुपन आलंय. दहा जणांना पुढे पाठवायला सांगतात.

पाठवू नका, उघडू नका. कुठलंही दुकान कुपन देण्यासाठी यूपीआयचा पिन मागत नाही. पैसे मिळवायला पिन लागतच नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. बक्षीस लागलंय, आधी पार्सलचे पैसे भरा, हाही तोच प्रकार. पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा.

ऑफरमधला माल परत करायचा आहे.

फ्री मिळालेल्यासकट परत करा. मुख्य पुडा परत आणि फ्रीची बरणी घरात, असं होत नाही. माल खराब निघाला असेल तर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या शिक्क्याला घाबरू नका. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं कायद्यात बसत नाही. आवडला नाही म्हणून परत करणं वेगळं, ते दुकानाच्या मर्जीवर.

जास्तीची कुपनं दुसऱ्याला दिली तर चालतात का?

"हस्तांतरणीय नाही" असं लिहिलेलं नसेल तर खुशाल द्या. विकू नका. बचत गटाच्या बैठकीत मधे ठेवली तर ज्याला जे लागतं ते तो उचलतो. मुदत जवळ आलेली वर ठेवा.

तक्रार करायचीच झाली तर कुठे?

आधी दुकानात, मग पाकिटावर छापलेल्या कंपनीच्या ग्राहक सेवेच्या नंबरावर. कुपनाच्या बऱ्याचशा तक्रारी तिथेच मिटतात, कारण कंपनीला दुकानदार काय करतोय ते कळायला हवंच असतं. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं. छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं किंवा वजन कमी भरलं तर वैधमापन शास्त्र विभागाकडे जायचं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. मालाची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर तिथे तक्रारीला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. बिल, कुपन आणि रिकामं पाकीट, तिन्ही जपून ठेवा. पाकीट लोक हमखास फेकून देतात, आणि बॅच नंबर त्याच्यावरच असतो.